डाव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला

थंडर बे. उणे एकतीस.
तळघरातला ड्रायर सकाळी एकदा किंचाळला
आणि मग नुसताच गुणगुणत राहिला,
मोटर चालू, ढोल ढिम्म.
आत सौनाचे सहा टॉवेल, ओले, जड,
रुसून बसल्यासारखे.

"पट्टा," तौनो वरूनच म्हणाला.
चाळीस वर्षं कागद गिरणीत यंत्रांची नाडी ऐकलेला माणूस.
मग एकेक पायरी मोजत खाली आला,
सातव्या पायरीवर बसला,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

विनिपेगहून लेक फोनवर:
आई, नवा घ्या ना, हप्त्यावर मिळतो.
बघते, म्हटलं.
पट्टा अठरा डॉलरचा, आणि याच्या कपाटात
एक आणून ठेवलेलाच होता, पाकीटसुद्धा न फोडलेलं.

आधी प्लग काढ.
काढला.
नक्की काढलास?
अरे, काढला.
जाळीखालचे दोन स्क्रू. बशीत ठेव.
त्या नको, निळ्या.
त्रेपन्न वर्षांत याला कांदा कसा चिरायचा
हे मी एकदा सांगून पाहिलं होतं,
ते आठवलं, आणि गप्प बसले.

पुट्टीची पट्टी फटीत सारली, झाकण खट् करून उचललं,
दाराच्या तारा सोडवल्या,
समोरचा पत्रा भिंतीला टेकवला,
ढोल कवेत घेऊन बाहेर ओढला.
"मावत नाही हा मिठीत," म्हटलं.
तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

आत लव. केवढी लव!
आमच्या अंगावरून झडलेलं सगळं:
त्याचं लाल फ्लॅनेल, माझा गाऊन,
लेकीचे हॉकीचे मोजे, गेलेल्या कुत्र्याचे केस,
एकमेकांत पिंजून एकच राखाडी.
आणि एक पेनी, जी आता कुठलाही दुकानदार घेत नाही.

व्हॅक्यूम फिरवला, टॉर्च धरला,
तर डाव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला
पेन्सिलीचं अक्षर.
पट्टा, मे ९४.
दोन्ही रोलर, ०३.
पट्टा, नोव्हेंबर ०९.
गिरणीतल्या पाट्यांसारखं, उभं, ठाम.
आणि त्याच्या खाली
पट्टा, फेब्रुवारी १५:
शब्द पुढे पुढे बारीक होत गेलेला,
मुंगीएवढा,
शेवटचा पाच तर कापत कापत
पत्र्याच्या कडेवरून खाली उतरलेला.

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं
ते अठरा सालच्या उन्हाळ्यात.

तीन वर्षं हा अर्धाच कप कॉफी घ्यायचा.
सरोवरावरची बर्फातली मासेमारी सोडली,
म्हणे, गुडघे.
मीही चारचौघांत सांगायची, गुडघे.

मागे वळले नाही.
टॉर्च कुठे थांबलाय हे त्याला दिसत होतं.
बराच वेळ पायरीवरून काहीच नाही,
मग, "कप्पी सापडली का?"
"सापडली."

नवा पट्टा ढोलाभोवती, खाचा आतल्या अंगाला,
आणि आता हात खालून घालायचा, आंधळा.
आधी कप्पी की आधी मोटर?
कसं रे करायचास?
तो सांगायला गेला आणि अडला.
तोंडाला ते कधी यायचंच नाही.
मांड्यांखालचे हात बाहेर आले
आणि हवेतच करू लागले:
असं दाबायचं, असं ओढायचं,
असा वेढा, मग सोडायचं.
हवेतली कप्पी थरथरत होती,
हवेतला पट्टा थरथरत होता,
क्रम मात्र एकदाही चुकला नाही.
मी त्या हातांकडे बघत राहिले
आणि माझ्या हाताने पत्र्याआड तसंच केलं.
चौथ्या खेपेला बसला.

पत्रा लावायच्या आधी पेन्सिल मागितली.
गिरणी सुटली तरी खिशातली सुटलेली नाही.
उतरलेल्या त्या पाचाखाली लिहिलं,
पट्टा, जानेवारी २४.
माझं अक्षर मुळातच गिचमिड,
पुढे कुणी उघडलंच,
तर हात बदलला हे कळायचं नाही.

टॉवेल धपधपू लागले.
निळ्या बशीत एक स्क्रू उरला होता.
मी त्याच्याकडे पाहिलं.
"उरतोच," तौनो म्हणाला.