ठोकून बघणं

रात्री अडीचला यंत्राचा हात जागा होतो.
उद्यमबागेच्या टोकाला, बंद फाउंड्रीच्या पाठीमागं
ही गार खोली. चौदाशे टेपा,
एकेकीच्या पाठीवर काळ्या पट्ट्यांचं बारीक गोंदण.
मी काचेबाहेर स्वेटर घालून बसते.
मे महिन्यातही.

हात रुळावरून सरकतो, लाल डोळ्यानं नंबर वाचतो,
खणातली टेप काढून ड्राइव्हच्या तोंडात ठेवतो, अलगद,
तापल्या पोराच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवावा तशी.
मग वाचणं. टोकापासून टोकापर्यंत, परत मागं, परत पुढं.
मजकूर कुणी वाचत नाही.
लिहिताना केलेली बेरीज
आज केली तर तीच येते का, एवढंच.

बाबा याच रस्त्यावर ओतकाम तपासायचे.
पंपाचा सांगाडा साखळीला टांगून हातोडीचा एक टोला.
ठण्ण म्हणाला तर पास.
ठप्प म्हणाला तर आत कुठंतरी भेग,
वरून कितीही गुळगुळीत असू दे.
"दिसायला सगळंच बरं असतंय पोरी,
खरं ऐकून बघाय पाहिजे."
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
धारवाडच्या शिवलीलाला हे कळायला वर्ष गेलं.
म्हणायची, तुम्ही आधी खरं म्हणता
आणि मग नाही म्हणता.

तीन वाजून दहा. टेप ०४१७.
पडद्यावर एक ओळ तांबडी.
पुन्हा वाचायला लावली. तांबडी.
ड्राइव्ह बदलला, त्याचं डोकं पुसून घेतलं.
पाचव्यांदाही ठप्प.

सूची उघडली: खानापूर तालुका,
जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, एका खेड्याची तीन पानं.
पहिलं मोडीत, पुढची कन्नडात,
मध्ये कधीतरी कारकून बदललेला.
नावं सूचीत नसतात. अनुक्रमांक एकशे बारा ते एकशे एकतीस.
वीस माणसं.
आली का गेली, तेही लिहिलेलं नाही.
टेपेला काय, सगळी लोखंडाची धूळच,
या तोंडाची नाहीतर त्या तोंडाची,
बाबांच्या नखांत असायची तसली.

दुसरी प्रत हुबळीला.
फोनवर मल्लेश, झोपेतला आवाज:
"नोडतेन्री मॅडम."
चाळीस मिनिटं लागतात.

तोवर ०४१७ बाहेर काढून हातात घेतली,
कुणी बघत नाही असं बघून
बोटाच्या पेरानं एकदा ठोकली.
प्लास्टिक.
बाद मालावर बाबा खडूनं फुली मारायचे,
तो परत भट्टीत जायचा.
हिला भट्टी नाही.

चार वाजता फोन. "बंतरी. जुळलं."
विचारलं, जन्मलेले होते का गेलेले?
तो जरा थांबला. मग हसला,
"ते उघडून बघायची परवानगी आपल्याला कुठाय मॅडम?"

काचेपलीकडं हातानं
०४१८ उचलली होती.