तारेखालचं झाड

रिवणच्या चिरेखणीच्या कडेला,
जिथं कापायचं यंत्र दुसऱ्या दिवशी पोचणार होतं,
तिथं हे मिळालं. अंगठ्याएवढं खोड,
खाली मात्र रताळ्यासारखं मूळ,
जांभ्याच्या भेगेत घट्ट बसलेलं.
ट्रकवाला म्हणाला, "हें कितें पुरसोबाब, कणगां?"
मी म्हटलं, सोनसावर.
तो हसला. सावर म्हणजे उशीतला कापूस,
एवढंच त्याला ठाऊक.

सव्वीस वर्षं मी वीजखात्यात लाईनमन.
केपे ते नेत्रावळी, तारांखालची झाडं
माझा कोयता ओळखायची.
फांदी कुठं तोडली की कुठं फुटते
हे मी पुस्तकातून नाही शिकलो.
दर मे महिन्यात त्याच फांदीला
पुन्हा शिडी लावून शिकलो.

डिचोलीच्या कुंभारानं विचारलं,
"इतकी उथळ? हिच्यात काय, बांगडे भाजणार?"
एक कुंडी भोक पाडताना फुटली,
एक भट्टीत तिरकी झाली.
तिरकीच आणली.

मग खांबावरची जुनी अ‍ॅल्युमिनियमची तार उलगडली,
सातांतला एक पदर घेतला,
फांदीला गुंडाळला, हळूहळू वाकवलं.
जन्मभर झाडं तारेपासून दूर ठेवली,
आता तार मीच बांधत होतो.
प्रेमावती म्हणाली, "तुम्ही खात्यातून सुटलात,
खातं तुमच्यातून नाही."

जुलैत गुडघ्यानं पंधरा दिवस
गच्चीवर जाऊ दिलं नाही.
तेवढ्यात तार सालीत रुतली.
तो वळ अजून आहे. त्यातून डिंक आला,
खसखशीच्या दाण्याएवढा,
मग सुकला.

पानं लहान होत गेली,
माझ्या पंजाची बाळाच्या पंजाएवढी,
आणि मार्गशीर्षात गळली. सगळी.
"मेलं," म्हणत प्रेमावती तांब्या घेऊन निघाली.
मी हात धरला.
ह्याला आता तहान नाही. पाणी घातलंस तर मूळ कुजेल.
दोन महिने नुसतं बघायचं.
सगळ्यांत अवघड तेच,
हातांना काम नसणं.

सहाव्या वर्षी, शिगम्याच्या आधी,
शेंड्यावर एक कळी.
मला वाटलेलं, जसं झाड तसं फूल,
सदऱ्याच्या बटणाएवढं.
पान लहान होतं, खोड लहान राहतं,
फूल लहान होत नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
उमललं ते पुरतं. वाटीएवढं, पिवळंजर्द,
आत केशरी केसरांचा झुबका,
रानात पंचवीस फुटांवर असतं तेवढंच.
नऊ इंचांचं झाड एका अंगाला कललं.

नेत्रावळीच्या वळणावर असंच एक होतं.
नव्या ट्रान्सफॉर्मरला लागायचं.
फेब्रुवारीत कापलं, भर फुलांत,
कारण चिठ्ठीवर तारीख तीच होती.
काही फुलं तारांवर अडकून राहिली.
लाईन सुरू केली तेव्हा काही झालं नाही,
वाड्यावर दिवे आले,
लोकांनी आम्हाला चहा दिला.

इनास बघायला आला.
बराच वेळ टोपी हातात धरून उभा राहिला,
मग म्हणाला, "काठी लाव रे, मोडेल."
मी काठी आणली. कठड्याला टेकवून ठेवली.

तिसऱ्या दिवशी फूल पडलं,
उपडं नाही, उताणं.
प्रेमावतीनं ते उचललं
आणि कुठं ठेवावं न कळून
फ्रीजवर ठेवलं.