बिनआवाजाची

फैजपूरला पार्सलं वाटायला घेतली होती गाडी,
हप्त्यावर. बॅटरीवरची.
मागं लागून दलशेरकाकानं सावद्याच्या मिस्त्रीकडून
तिला जाड खाचांचे टायर चढवून घेतले
आणि म्हणाला, एकदा वर ने.
वर म्हणजे पालच्या पुढं, सुकी ओलांडून,
जिथली वाट दगडांच्या मर्जीनं वळते.

भरमार बंदूक गोणपाटात गुंडाळून
मांडीवर आडवी घेतली त्यानं, झोपलेल्या नातवासारखी.
"चालू कर ना रे भो."
केव्हाची चालू आहे, काका.
त्यानं वाकून सीटखाली हात लावला,
धडधड सापडेना.
"मेलेल्या जनावरावर बसल्यागत वाटतं."

चढ लागला. खैराचे काटे बाह्या ओढत होते.
चाकाखाली सागाचा पाचोळा तेवढा वाजायचा
भाजलेल्या पापडासारखा,
आणि तेवढा तर बिबट्यासुद्धा वाजवतो.

काका कानामागून बोलत होता:
आम्ही पायी यायचो तेव्हा आधी टिटवी ओरडायची,
मग वानर खोकायचं,
मग साऱ्या रानाला कळायचं, दलशेर आला.
कळल्यावर जो पळेल त्याच्यामागं आम्ही.
दहातले आठ निसटायचे.
दोघांचे वाटे पडायचे, पार शेवटच्या झोपडीपर्यंत.

आज टिटवी झोपलेलीच.

डोहाच्या वळणावर मी दिवा विझवला.
दहा पावलांवर सांबर.
तोंड पाण्यात, पाठीवर वाळका चिखल.
त्यानं मान वर केली, आमच्याकडं बघितलं,
हनुवटीवरून थेंब गळत होते,
आणि परत प्यायला लागलं.

मागं घोडा चढवल्याची कट्कन ऐकू आली.
त्यानंतर बराच वेळ काही नाही.
काकाचा श्वास माझ्या मानेवर, तंबाखूचा, गरम.
हप्त्याची तारीख पाच, असं काहीतरी
उगाच माझ्या डोक्यात येत राहिलं.

मग काका खोकला.
मोठ्यानं, वानरासारखा.
दगड गडगडले, सांबर उधळलं,
आणि ते करवंदीत शिरताना काकानं बार काढला.
डोंगरानं तो तीनदा परत दिला.

"नववं," तो म्हणाला, बंदूक गुंडाळत.

बॅटरी चढानं खाल्ली होती.
ढकलत आणली खाली, दोन माणसांच्या वजनाची ती मुकी म्हैस.
काका शिव्या तिला देत होता, पण हात माझ्याआधी लावत होता.
मोतीराम पाटलाच्या केळीत पंपाला रात्रीची लाईट असते,
तिथं लावली चार्जिंगला.
रखवालदारानं विचारलं, काय मारलं?
काका पंपाच्या पाण्यानं पाय धूत राहिला.

सकाळी बघतो तर हँडलला
विकलेल्या बैलाच्या गळ्यातली घाटी,
तारेनं पक्की आवळलेली. पकडीनंसुद्धा निघेना.

आता फैजपुरात मी गल्लीत वळलो
की पोरं पैसे घेऊन धावत येतात,
कुल्फी मागतात.