दोन धारांमधली नाली

दर सोमवारी मिरजेच्या मिशन दवाखान्यात
व्हरांड्याच्या टोकाला माझी साण लागायची.
हातात डॉक्टरांच्या सुऱ्या, कात्र्या.
चाकाचा पट्टा आधी दस्तगीर ओढायचा, माझा धाकटा.
त्या हिवाळ्यात मी चाक पायानं चालवायला शिकलो.

एल्सपेथ मिस, आम्ही म्हणायचो एल्साबाई,
कॅनडाची, तापाच्या वॉर्डात रात्रपाळीला.
एकदा ट्रंकेतून बूट घेऊन आली.
तळव्याला लोखंडी पातं, वर गंज.
म्हटलं, बाई, ह्यानं कापायचं काय?
म्हणाली, बर्फ.

मला हसू आलं. आमच्याकडे बर्फ पुण्याहून रेल्वेनं येतो,
भुशात गुंडाळलेला, निम्मा वाटेतच पाणी,
उरलेला तापकऱ्याच्या कपाळावर.
तिकडे म्हणे तळीच्या तळी गोठतात.
वाकड्या काठ्या घेऊन माणसं त्यावर धावतात
पेढ्यासारख्या चपट्या रबरी चकतीमागं.
तिचा भाऊ अ‍ॅलेक त्यात पगारी खेळाडू.
पगारी?
पगारी. देशाच्या दोन टोकांचे दोन संघ,
मधे पाच दिवसांची रेल्वे, आणि एक कप.

पातं उलटं धरलं आणि थांबलो.
आम्ही शिकलगार. तलवारी गेल्या, विळे आले, वस्तरे आले,
पण एका पात्याला दोन धारा आणि मधे बारीक नाली
मी कधी बघितली नव्हती.
माणूस नालीवर उभा राहतो, ती म्हणाली,
वळताना तेवढा एका धारेवर जातो.
वस्तऱ्याचा दगड बोटासारखा गोल घासून घेतला.
नाली उजळायला दोन सोमवार गेले.

मार्चचे सामने मेअखेरीस आले, बोटीच्या टपालानं.
तिनं वाचून दाखवलं, तिच्या मोडक्या मराठीत.
पहिला गेला. दुसरा आला. तिसरा गेला.
चौथ्यात कुणाचाच गोल नाही;
जादा वेळ खेळले, तरी नाही,
शेवटी माणसं बर्फावरच बसली.
पाचवा आला. बरोबरी.
निकालाच्या दिवशी बर्फ घोटून तयार, तिकिटं खपलेली,
आणि अ‍ॅलेकचा अर्धा संघ हॉटेलात तापानं आडवा.

तोच ताप.
कृष्णेच्या घाटावर ज्यानं सरपण संपवलं,
आमच्या कब्रस्तानात ज्यानं कुदळी बोथट केल्या.
त्या कुदळींना धार मीच लावली होती,
पैसे न घेता.

मग कप?
समोरच्यांना म्हणाले, घ्या, तुमचाच.
त्यांनी घेतला नाही.

मी चाक थांबवलं.
दिवाळीच्या मैदानात दस्तगीरची जोड ठरली होती
मालगावच्या भरमू मगदूमशी, चाळीस रुपयांवर.
ताप ओसरल्यावर पंचांनी भरमूपुढं रुपये ठेवले.
तो म्हणाला, कुणाला पाडून?
मग आमच्या दारात आला, पाणी प्याला,
काही न बोलता तासभर चाकाचा पट्टा ओढला
आणि चालत गावाला गेला.

भावाचं मी एल्साबाईला विचारलं नाही.
टपाल बोटीनं येतं, तार लवकर येते.
एप्रिलात दवाखान्यात एक तार आली होती;
त्या रात्री तिनं सगळ्या वॉर्डाची फरशी
स्वतः गुडघ्यांवर बसून पुसली होती.
बूट न्या, म्हटलं.
म्हणाली, राहू दे तुझ्याकडे. गंज चढू देऊ नकोस.

ती गेली त्याला किती वर्षं झाली.
बूट खुंटीवर आहेत, दर दसऱ्याला नाली पुसतो.
त्यांना बर्फ काही मिळाला नाही.
परवा भरमूचा नातू विळे घेऊन आला,
खुंटीकडे बघत म्हणाला,
म्हाताऱ्या, ह्यानं कापायचं काय?
माझे गुडघे आता चाक चालवत नाहीत.
म्हटलं, आधी पट्टा ओढ.