स्लाइड क्रमांक नऊ

चोडणच्या खाजनाची मीटिंग ऑनलाइन असते.
फेरी चुकेल म्हणून तिकडचे पणजीला येत नाहीत,
आणि पणजीचे तिकडे जात नाहीत, फेरी असली तरी.

मी स्क्रीन शेअर केली.
म्हणालो, इथे तुम्हाला दिसेल,
हा लाल भाग बघा, आणि इकडे हा...
एका काळ्या चौकोनातून आवाज आला :
"हांगा म्हळ्यार खंय रे?"

सत्यवती आमोणकर.
टेलिफोन एक्स्चेंजवर सव्वीस वर्षं,
खाजनात तीन शेतं नावावर,
डोळ्यांनी जन्मापासून काही नाही.
"तुझी स्क्रीन माझ्या मशीनला नुसती भिंत.
भिंतीवर तू बोट नाचवतोस,
ते मला कसं ऐकू येणार?"

कोणीतरी खोकलं. कोणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गेला.
साहेब म्हणाले, पुढे चला.

रात्री मी तिला फोन केला.
लाजेपोटी नव्हे, खरं सांगतो,
तिच्या सहीवाचून ठराव अडला होता.

"फाइल आदल्या दिवशी पाठव.
पानांना नावं दे. सगळ्यांचं नाव 'बांध' ठेवलंस,
एका घरात अकरा भाऊ, अकराही बाबलो!
आणि फोटोंखाली लिही काहीतरी.
मशीन मला म्हणतं, चित्र. चित्र. चित्र. चित्र.
दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम
कोणी पालथा धरून दाखवावा तसं."

मी लिहिलं : मावळतीच्या सोनेरी उजेडात न्हालेली मानस.
"मावळती राहू दे तुझ्या घरी.
दार किती उघडं? पाणी कितव्या फळीला?"
मी फोटो मोठा केला. मोजलं.
तळाकडून तिसऱ्या.
चार मीटिंगांत दाखवला होता हा फोटो,
फळ्या आज मोजल्या.

लाल म्हणजे खारं पाणी शिरलेली शेतं.
हिरवं म्हणजे काय, ते मला ऑफिसात विचारावं लागलं.
हिरवं म्हणजे
माहिती उपलब्ध नाही.

क्रमाचा घोळ वेगळाच.
मशीन आधी वाचायचं धन्यवाद,
मग तारीख, मग रक्कम, सर्वांत शेवटी मथळा.
"आल्या आल्या चपला घातल्यास की रे," ती हसली.
खोका आधी टाकला की आधी वाचला जातो,
दिसायला कुठेही असो.
हे मला तिनं शिकवलं, सात वर्षं स्लाइड करणाऱ्याला.

पुढच्या शनिवारी तेवीस चौकोन.
मी नावं घेत, पानांचे आकडे सांगत चाललो,
'इथे' हा शब्द जिभेवर येई, गिळून टाकी.
नवव्या पानावर ती म्हणाली,
"ह्यावर दोन रकमा का?"

एकच आहे, साहेब म्हणाले,
सतरा लाख चाळीस हजार, स्वच्छ दिसतेय.
"दिसत असेल.
मशीन आधी अकरा लाख वीस म्हणतं,
मग सतरा चाळीस.
काल तीनदा ऐकलं.
बांध तोच ना? लांबी तीच?"

गेल्या वर्षीची फाइल.
नवीन कशाला करतोस, झाकून टाक, म्हणाले होते,
आणि मी जुन्या आकड्यावर
एक पांढरा चौकोन ओढला होता,
त्याच्यावर नवा आकडा.
कामाचा माणूस मी.
या आठवड्यात सगळ्या चित्रांखाली लिहिलं,
त्या चौकोनाखाली काय लिहायचं
तेवढं सुचलं नव्हतं.

कोणी बोलेना.
तिच्या माइकमधून फेरीचा भोंगा आला, लांबचा,
रायबंदरच्या बाजूनं.
साहेबांचा मेसेज आला, फक्त मला दिसणारा :
नेटवर्क गेलं म्हण.

"बोल," ती म्हणाली, "मी आहे लाइनवर."

मी म्हणालो, नवव्या पानावर,
उजव्या बाजूला खाली,
एक पांढरा चौकोन आहे.
दोन बोटं रुंद. कडा नाही त्याला.
त्याच्याखाली...