प चा ब

रविवारी पहाटे पावणेपाचला
दुबईहून टॅक्सी निघते सोहारकडे.
हत्ताच्या नाक्यावर शिक्का, पुढे उजाडतं,
डोंगर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे.
मागच्या सीटवर मी, मांडीवर लॅपटॉप,
रात्री दोनला लंडनहून आलेला शेरा:
शीर्षक दोन ओळींत बसव,
आणि माणसं कमी दिसू देत.
म्हणजे चित्रातली.
बहुधा.

कंपनीच्या दारात बिल्ला मिळतो.
अरबीत प नाही.
मी, आसावरी पिंपळखरे, सहा आठवडे
बिंबळखरे म्हणून आत जाते, बाहेर येते.
पहिल्या दिवशी हसले, आईला फोटो पाठवला.
पुढे पुढे त्या हाकेला वळायलाही लागले.

समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना.
कोण काय करतं ते विचारायचं, लिहायचं,
मग कोणी काय नाही केलं तरी चालेल
तेही लिहायचं.
याला डोकी मोजणं म्हणतात.
डोक्यात काय आहे ते विचारायचं नसतं,
तो रकानाच नाही.

रांग अकराशे सत्तेचाळीस. स्टोअरकीपर, व्ही. बेडणेकर.
करक चहाचे दोन कागदी कप घेऊन आला.
"पिंपळखरे ना? मी ओळखलं लगेच.
मी पेडणेकर. सावंतवाडीच्या खालचा.
इथं एकोणीस वर्षं बेडणेकर."
मग सांगत बसला,
कुठला वॉशर कुठल्या कपाटात,
कुठल्या मीटरचा काटा खोटं बोलतो,
जेलीफिश आले की आधी कुठली जाळी उचलायची.
मी टाइप करत होते.
त्याच्या वेळातले बावीस टक्के
'इतर'मध्ये गेले.

उठताना म्हणाला, "नवी यादी करताय असं ऐकलं.
तेवढं नाव नीट करा माझं.
खाल्ल्या मिठाला जागलो हो इथं.
म्हणजे, काम मीठ काढायचंच, तरी."
आणि आपणच हसला.
मी म्हटलं, करते.

त्याच रात्री केलं.
बी खोडला, पी घातला.
उजवीकडच्या रकान्यात एक आधीच पडलेला होता.
शून्य म्हणजे राहील, एक म्हणजे जाईल.
तो मी नव्हता घातला, सूत्रानं घातला.
सूत्र मी लिहिलं होतं.

शेवटच्या गुरुवारी केक.
केकवर प्रकल्पाचं नाव: ससाणा.
ससाण्याच्या चोचीचा तुकडा माझ्या बशीत आला,
फार गोड होता.
दारापाशी कोणीतरी कागदी कप घेऊन उभं होतं.
मी नीट पाहिलं नाही.

आता मी दोह्यात. दुसरं खातं, दुसरा पक्षी.
परवा फोन.
"मॅडम, पत्र मिळालं.
नाव अगदी बरोबर आलंय, फ्रेम करावं असं.
पण बँकेत मी अजून बच.
हिशोबाचे पैसे अडकलेत.
ते विचारतात, हा पेडणेकर कोण?
परत बेडणेकर करता येईल का?
चारच दिवस.
पैसे सुटले की माझा प घेऊन मी जातो घरी."
रागावला नव्हता.
रागावला असता तर मला काय बोलायचं ते ठाऊक होतं,
त्याचं प्रशिक्षण झालंय आमचं.

फाईल उघडून पाहिली.
तुम्हाला परवानगी नाही, म्हणाली.
त्याला म्हटलं, बघते हं.
'बघते' म्हणजे काय
ते दोन मराठी माणसांना
समजावून सांगावं लागत नाही.
तो म्हणाला, बरं. जेवलात का?

फोन ठेवला तेवढ्यात
रिसेप्शनवरून कोणीतरी पुकारलं,
मिस बिंबळखरे.
मी वळले.