धरून की सोडून

सातवीच्या वर्गात, हिउमा बेटावर,
वाइके बाईंनी फळ्यावर एक चोच काढली.
उघडी बाजू मोठ्याकडे, टोक लहानाकडे.
समीकरणाची आम्हाला सवय होती:
दोन्ही पारड्यांतून सारखं काढत राहायचं,
शेवटी क्ष एकटा सापडतो,
चुलीमागे झोपलेल्या मांजरासारखा.
इथे क्ष सापडत नाही.
तो कुठे कुठे असू शकेल, तेवढंच कळतं.

त्याच आठवड्यात समुद्र गोठला,
बर्फावरचा रस्ता उघडला.
काठावर पाटी: अडीच टनांपर्यंत.
"पर्यंत म्हणजे? अडीच धरून की सोडून?"
"धरून," केर्तू म्हणाली.
मग चोचीखाली आडवी रेघ,
आणि संख्यारेषेवर गोल भरीव.

मी बाबांची पावाची गाडी मांडली.
गाडी अठराशे वीस किलो, बाबा ऐंशी,
काळ्या पावाचा एकेक क्रेट बारा.
दोन्हीकडून एकोणीसशे गेले, बाराने भागलं:
क्ष पन्नास किंवा कमी.
बाईंची लाल खूण.

बाबांनी वही दिव्याखाली धरली.
"मी शेहेचाळीस नेतो.
थर्मास कोण मोजणार? बुटांचा बर्फ?
भरीव गोल फळ्यावर काढ, पोरी.
समुद्रावर मी पोकळच ठेवतो."
मग वेगाचं सांगितलं:
पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या पुढे, सत्तरपर्यंत.
मधल्या आकड्यांवर बर्फाखाली लाट उठते.
रेषेचे दोन तुकडे,
आणि मध्ये क्षला मज्जाव.

शुक्रवारी उणे आलं.
दोन्ही बाजूंना उणेने गुणलं की चोच फिरते.
"का?" केर्तू हटूनच बसली.
बाईंनी खिडकीबाहेरचा थर्मामीटर दाखवला.
पाच मोठे की तीन?
आणि उणे पाच? उणे तीन?
वर्ग गप्प. ऑट्टचं नाक तेवढं वाहत होतं.
"शून्याखाली उतरलं," केर्तू हळूच म्हणाली,
"की पुढचा मागे पडतो."
"नियम नंतर लिहा," बाई म्हणाल्या, "आधी हे लिहा."

मी खिडकीतून पाहत होते.
ऑक्टोबरात हाच समुद्र बोटी अडवतो,
पलीकडची मावशी नुसती फोनमधला आवाज होते.
आणि उणे बाराला
आम्ही गाडी काढून तिच्याकडे जेवायला जातो.
चोच फिरते ती अशी, मला वाटलं.
बोलले नाही. याला परीक्षेत गुण नव्हते.

पाटी आता कित्येक हिवाळे
बंदराच्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहे.
बाबांनी गाडी विकली. थर्मास माझ्याकडे.
काल लेकीने वही पुढे केली:
"बर्फ किती जाड लागायचा?"
"बावीस सेंटिमीटर. किमान."
तिने बावीसवर गोल काढला,
पेन्सिल वर धरून थांबली.
"धरून की सोडून?"

मी थर्मामीटरकडे पाहिलं.
अधिक तीन.
"धरून," म्हटलं, "भर तो गोल.
आणि उजवीकडे बाण काढ. लांब."